तोलोमुश आगायांची खोटी साठी

तोलोमुश आगाय, म्हणजे आमचे गुरुजी, यांचं वय सत्तावन्न आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या तोर-आर्चा गावात आता हे कुणाला पटत नाही. ज्या माणसानं शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, ज्याला जगातल्या यच्चयावत शिखरांची उंची तोंडपाठ, त्याला स्वतःचं वय दाखल्यासकट सिद्ध करत फिरावं लागतं, याला काय म्हणायचं? आणि हे सगळं कशापायी, तर एका दारापायी. दार म्हणजे साधं लाकडी दार हो. दोन बिजागऱ्या आणि एक कडी.

शाळेच्या मागे मुलांचं वसतिगृह आहे. खिंडीपलीकडच्या उच-काया वस्तीतली अकरा पोरं हिवाळाभर तिथे राहून शिकायची. मागच्या वर्षी ऐन ऑक्टोबरात तालुक्याचा अग्निनिरीक्षक बाकास आला. त्यानं टेप काढली, भिंती मोजल्या, खिडकीतून आत डोकावला आणि म्हणाला, "दहापेक्षा जास्त अल्पवयीन जिथे एकत्र असतील तिथे बाहेर पडायला दोन दारं लागतात. इथे एकच आहे." झालं! सील ठोकलं, किल्ली खिशात घातली आणि चहा पिऊन गेला.

बरं, दुसरं दार पाडावं म्हणाल तर भिंत सरकारी. तिला भोक पाडायला आकीमाची, म्हणजे आमच्या तालुक्याच्या सर्वेसर्वाची मंजुरी हवी. मंजुरीला नकाशा हवा. नकाशाला अभियंता हवा. अभियंता म्हणतो, इमारत धोकादायक म्हणून सील केलीय, मी आत जाऊन मापं कशी घेऊ? सील काढा म्हणून बाकासकडे जावं, तर तो म्हणतो, "दुसरं दार दाखवा, या पावली काढतो." आगायांनी या तिघांकडे वर्षभरात सतरा खेपा घातल्या. प्रत्येक जण अगदी प्रेमानं बोलला, हेच तर संतापजनक. कुणी उर्मटपणा केला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

तो हिवाळा पोरांनी गावातल्या नातेवाइकांकडे काढला. नातेवाईक म्हणजे कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको. बुरुल नावाची पंधरा वर्षांची मुलगी, वर्गात पहिली येणारी, ती एका लांबच्या काकाकडे राहिली. उजाडायच्या आत गोठा साफ करायचा, नदीवरून पाणी आणायचं, काकूचं तान्हं सांभाळायचं आणि मग शाळेत यायचं. नकाशाच्या वहीवर डोकं ठेवून ती झोपून जायची. आगायांनी तिला एकदाही उठवलं नाही. बाकीच्या वर्गाला ते खुणेनं गप्प बसवायचे आणि अँडीज पर्वत हळू आवाजात शिकवायचे.

या वर्षी सप्टेंबरात तिचा बाप शेरिक घोड्यावरून उतरला तो घोड्याला आडवं दार बांधूनच. कुरणावर बसल्या बसल्या त्यानं चिनाराच्या फळ्यांचं चांगलं भक्कम दार केलं होतं. "आगाय," तो म्हणाला, "हे दार घ्या. ऑक्टोबरच्या वीस तारखेच्या सुमारास खिंड बंद होते. तोवर वसतिगृह उघडलं तर पोर ठेवतो. पुन्हा दुसऱ्याच्या गोठ्यात ठेवणार नाही. नाहीतर झालं तेवढं शिक्षण पुरे झालं." बुरुल बाजूला उभी होती. ती नुसती दाराच्या कडीशी खेळत राहिली. आगायांच्या तोंडून निघून गेलं, "महिन्याच्या आत हे दार त्या भिंतीत नाही बसवलं तर नावाचा तोलोमुश नाही!" माणसानं अशी वाक्यं बायकोसमोर तरी बोलू नयेत. सायकालबाई नेमक्या तिथेच लोणी घुसळत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "नाव काय ठेवायचं ते आत्तापासून बघून ठेवा."

आणि नेमकं त्याच आठवड्यात राजधानीहून नुरिझाचा फोन आला. ही बावीस वर्षांची मुलगी कुठल्याशा संस्थेत काम करते. तिला डोंगराळ भागातल्या तरुण पोरांचा मेळावा भरवायचा होता. पामीरहून, आलायहून, आमच्या इकडून मुलं यायची, आपापल्या भागातल्या बालकांच्या हक्कांबद्दल बोलायची आणि आपल्या मागण्या सरकारी माणसाच्या हातात द्यायची. "आगाय, बारा-पंधरा मुलं, दोन तास, एक चहाची किटली. बस्स, एवढंच," ती म्हणाली. आगायांचे डोळे लकाकले. बुरुल मागणी वाचणार, आकीम ऐकणार, सही करणार, दार बसणार. इतकं सरळ काम त्यांना आयुष्यात कधी दिसलं नव्हतं. तिथेच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

परवानगीसाठी ते ठाण्यावर गेले. तिथल्या अंमलदारानं चार पानी अर्ज पुढे केला. विषय: बालकांचे हक्क.

"कोणाच्या विरुद्ध?" अंमलदारानं विचारलं.

"विरुद्ध नाही हो. बाजूनं."

"बाजूनं असली तरी कुणाच्या तरी विरुद्ध असणारच. हा रकाना रिकामा ठेवता येत नाही आगाय."

"अन्यायाच्या विरुद्ध, असं लिहा."

"त्यांचं पूर्ण नाव? पत्ता?"

हा अंमलदार आगायांचाच विद्यार्थी. त्याला सातवीत नापास करायला हवं होतं आणि आपण दया दाखवली, याचा आगायांना त्या दिवशी जितका पश्चात्ताप झाला तितका कधीच झाला नव्हता. शिवाय प्रत्येक अल्पवयीनाच्या पालकाचं पत्र हवं, अंगात उवा नसल्याचा परिचारिकेचा दाखला हवा, पामीरची मुलं परदेशी म्हणून त्यांचा अर्ज वेगळा. हे सगळं झालं की पंचेचाळीस दिवसांत उत्तर. पंचेचाळीस दिवसांनी खिंडीत माणूसभर बर्फ!

संध्याकाळी आगाय अंगणात धुसफुसत बसले होते. शेजारच्या भिंतीवर झुमादिल म्हाताऱ्याचं डोकं उगवलं. हे पंचाहत्तर वर्षांचे गृहस्थ जुन्या काळी सामुदायिक शेतीचे अध्यक्ष होते. शेती गेली, अध्यक्षपद गेलं, सल्ले राहिले.

"तू मुळातच येडा आहेस तोलोमुश," झुमादिल म्हणाले. "सभा म्हटलं की परवानगी आली. तोय म्हण की! तोयला कुणाची परवानगी लागते? मेंढा काप, गावजेवण घाल, जमतील तेवढे लोक जमव. आणि सभेला आकीम येतो का कधी? जेवणाला मात्र न बोलावता येतो."

"पण तोय कशाची? पोराचं लग्न झालंय, नातवाची सुंता झालीय..."

"तुझी साठी कर."

"मी सत्तावन्न वर्षांचा आहे!"

"तोंडावरून दिसत नाही," झुमादिल म्हणाले आणि डोकं भिंतीमागे मावळलं.

रात्रभर आगाय तळमळले. खोटं बोलायचं, तेही स्वतःच्या वयाबद्दल, तेही वाढवून! बायका कमी सांगतात ते समजू शकतं. पण सकाळी शाळेत गेले तर बुरुल फळ्यासमोर उभी राहून आपली मागणी पाठ करत होती. एका कागदावर तिनं सगळं लिहून काढलं होतं. ती पुन्हा पुन्हा त्याच वाक्यापाशी अडखळायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. आगाय घरी आले आणि सायकालबाईंना म्हणाले, "अहो, मी साठ वर्षांचा झालो."

"साठी बुद्धी नाठी म्हणतात," सायकालबाई म्हणाल्या. "तुमची तीन वर्षं आधीच गेली. मेंढा कोणता कापायचा?"

आता तोय म्हटल्यावर बारा माणसं कशी चालतील? झुमादिलना बोलावलं तर त्यांच्या भावाला बोलवायलाच हवं. भावाला बोलावलं आणि व्याह्यांना वगळलं तर पुढची तीन वर्षं ते पाठ फिरवून सलाम करणार. मुख्याध्यापक, परिचारिका, टपालवाली, अभियंता, तो अर्जवाला अंमलदार, सगळे आले. वरच्या आळीला बोलावलं म्हणून खालची आळी आली. यादी नव्वदीवर गेली तेव्हा आगायांनी मोजणं सोडून दिलं. नुरिझाचा फोन आला की ते "सगळं ठीक आहे पोरी, थोडी माणसं वाढलीयत," एवढंच सांगायचे.

मुख्याध्यापकांनी तर कहरच केला. शाळेच्या ओसरीत आगायांचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "दिवस कसे जातात नाही! मग निरोप समारंभ वेगळा करायचा, की यातच उरकायचा? माझा भाचा भूगोल घेऊनच पास झालाय म्हणून आपलं विचारलं." आगायांनी हात सोडवून घेतला. दुसऱ्याच्या खोट्या साठीला खऱ्या निवृत्तीची घाई करणारा माणूस ज्या शाळेचा मुख्याध्यापक आहे, तिथे मुलांच्या हक्कांचं काय होणार, तुम्हीच सांगा.

अखेर तो दिवस उजाडला. शाळेच्या मैदानात कुरणावरून आणलेला लोकरीचा मोठा गोल तंबू उभा राहिला. नुरिझा जीपनं आली. तिच्यामागून आलेल्या ट्रकमधून कुठून कुठून तरुण पोरं उतरली. आमची उच-कायाची अकरा धरून छत्तीस झाली. पामीरचा शोदमोन नावाचा मुलगा दोन दिवस प्रवास करून आला होता. त्याच्या गावात दवाखाना नाही, त्यावर तो बोलणार होता. पोरांनी मोठमोठे तक्ते रंगवून आणले होते, 'आमचंही ऐका', 'शाळेच्या वेळात काम नको' असे. ते त्यांनी शेरिकच्या दाराला टेकवून उभे केले. दार तंबूच्या तोंडाशीच ठेवलं होतं, आकीमाला येता येताच दिसावं म्हणून. आगाय ते सगळं पाहून क्षणभर खरंच सुखावले. त्या दिवसातला तो एकच क्षण.

कारण तेवढ्यात बाकास आला. जेवायला आला होता, पण टेप घेऊन. तंबूभोवती एक चक्कर मारून तो म्हणाला, "आगाय, अल्पवयीन छत्तीस. दार एक."

"अरे बाबा, तंबू आहे तो! बापजाद्यांच्या काळापासून तंबूला एकच दार असतं!"

"म्हणूनच म्हणतो, आता तरी सुधारायला नको का? आकीम यायचेत. त्यांच्या देखत नियम मोडलेला मला चालणार नाही."

आगायांची कानशिलं तापली. पण करतात काय! वरच्या आळीतून दुसरा तंबू आणवला, पहिल्याला चिकटवून उभा केला, मधली लोकर सोडवली. आता या तंबूला त्या तंबूचं दार आणि त्या तंबूला या तंबूचं. बाकासनं टेप लावून समाधान व्यक्त केलं. मोठी माणसं पहिल्या तंबूत, मुलं दुसऱ्या तंबूत, असं ठरलं. मग पाहुणे येऊ लागले. दारासमोरच्या मानाच्या जागी पांढऱ्या दाढ्या बसल्या, त्यांच्या शेजारी अधिकारी, मग व्याही, मग व्याह्यांचे व्याही. पहिला तंबू भरला. उरलेल्या बायका आणि खालची आळी दुसऱ्या तंबूत सरकली. "मुलांनो, जरा जागा द्या रे थोरांना," कुणीतरी म्हणालं. मुलं उठली. उठायचंच ना, वळणच तसं लावलंय आपण! बघता बघता छत्तीसच्या छत्तीस पोरं बाहेर.

बाकासनं आत नजर टाकली आणि टेप गुंडाळली. "आता तर काही प्रश्नच नाही," तो म्हणाला. "अल्पवयीन आतच नाहीत. एक दारही पुरलं असतं."

आणि बाहेर पोरं दिसली की मोठ्यांना कामं सुचतातच. "ए पोरा, लाकडं फोड." शोदमोनच्या हातात कुऱ्हाड आली. आलायच्या मुलींना कांद्याचं पोतं मिळालं. दोघांना पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायला पाठवलं, चौघांना ताटं विसळायला. बुरुलला चहाच्या सामोवारपाशी बसवलं. चहा देणारीला उठता येत नाही, वाट्या येतच राहतात. जेवणाखाली अंथरायला कापड कमी पडलं म्हणून खालच्या आळीच्या काकूंनी पोरांचे तक्ते आत नेऊन अंथरले. 'शाळेच्या वेळात काम नको' यावर बोर्सोकांचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा ढीग पडला. आणि दार? आचाऱ्यानं ते आडवं करून चार विटांवर ठेवलं आणि त्यावर मेंढ्याचं मटण तोडायला घेतलं. "झकास फळी आहे," तो म्हणाला. "कुठून आणली?"

नुरिझा रडायच्या बेताला आली होती. "आगाय, हा मेळावा मुलांचा होता ना?"

"आकीम येऊ दे," आगाय म्हणाले. "आकीम आला की पहिलं भाषण बुरुलचं."

आकीम दीड तास उशिरा आला. त्याला मानाच्या जागी बसवलं आणि तो लगेच बोलायलाच लागला. कुणीतरी कानात विषय सांगितला असावा, कारण तो बालकांवर बोलला. बालकं म्हणजे उद्याचं भविष्य. बालकांनी बोललं पाहिजे, आपण ऐकलं पाहिजे. पाऊण तास! मग आगायांच्या अंगावर मखमली झगा घातला, डोक्यावर नवी पांढरी टोपी ठेवली आणि "शंभरी गाठा" म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आगायांनी तीनदा तोंड उघडलं, तीनदा कुणीतरी त्यात बोर्सोक कोंबला.

मग मटण आलं. आमच्याकडे कुणाला कुठलं हाड जातं त्यावरून त्याची किंमत कळते. खुब्याचं हाड थोरल्या दाढ्यांना गेलं, मांडीचं अधिकाऱ्यांना, बाकासला चांगली चरबीदार बरगडी. यजमान म्हणून दाराशी बसलेल्या आगायांच्या ताटात मानेचा एक मणका पडला. साठीच्या उत्सवमूर्तीला मानेचा मणका! आगाय मांसासाठी हपापलेले नाहीत, पण मुख्याध्यापकांच्या ताटात मांडीचं हाड बघून त्यांना घास उतरेना.

मुंडकं अर्थातच आकीमापुढे आलं. त्यानं सुरी घेतली, रीतीप्रमाणे कान कापला आणि हात वर केला. कान नेहमी लहानांना जातो. पोरांनी थोरांचं ऐकावं म्हणून. "कुठाय पोर?" आकीम हसत म्हणाला. "एखादं पोर बोलवा."

सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. पांढऱ्या दाढ्या होत्या, व्याही होते, टपालवाली होती. नव्वद माणसांत एक पोर नव्हतं. कुणी शेजाऱ्याच्या मागे डोकावलं, कुणी गादीखाली पाहिल्यासारखं केलं. आकीमाचा हात हवेत, हातात कान, आणि तो कान घ्यायला कुणी नाही. आगायांच्या मनात दिवसभर साठलेलं सगळं उसळून आलं. ते उभे राहिले. झगा बोर्सोकांच्या ताटाला अडकला, ताट कलंडलं, पण ते थांबले नाहीत.

"पोरं बाहेर आहेत साहेब!" ते ओरडले. "छत्तीस आहेत! कांदे चिरतायत, तुमच्या वाट्या विसळतायत! मेळावा त्यांचा आहे आणि जेवतोय आपण! आणि मी साठ वर्षांचा नाही, सत्तावन्नचा आहे!"

शेवटच्या वाक्याची खरं तर काही गरज नव्हती, पण मुख्याध्यापक समोरच बसले होते. "बुरुल!" आगायांनी बाहेर तोंड करून हाक मारली. "तो सामोवार सोड आणि आत ये."

बुरुल आली. चेहरा वाफेनं लाल झालेला, बाह्या ओल्या. तिच्यामागे दारात पोरांचा घोळका. आकीमाला वाटलं, चला, निभावलं. त्यानं कान पुढे केला. "घे पोरी. थोरांचं ऐकत जा."

बुरुलनं दोन्ही हातांनी कान घेतला. मग पुढे झाली आणि तो तिनं आकीमाच्याच ताटात ठेवला.

"आम्ही ऐकतोच साहेब," ती म्हणाली. "रोज ऐकतो. लाकडं फोड म्हटलं की फोडतो, जागा दे म्हटलं की देतो. कान आमच्याकडे खूप झालेत. हा तुम्ही घ्या."

बाप रे! दिलेला कान परत करायचा, तोही आकीमाला! झुमादिलनी दाढी धरली. आकीमाच्या कपाळावर आठी चढली आणि तो काहीतरी बोलणार, एवढ्यात दाढ्यांच्या मागून एक खणखणीत आवाज आला.

"खा रे!"

ती शारिपा आपा होती. वय एक्याण्णव, गावची जुनी सुईण. आकीमाची नाळ तिनंच कापली होती आणि जिनं नाळ कापली तिचा शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. "लेकरानं दोन हातांनी दिलेला घास ताटात ठेवतात होय? हेच शिकवलं का तुझ्या आईनं? खा!"

आकीमानं कान तोंडात घातला. ज्यांनी मेंढ्याचा कान खाल्लाय त्यांना सांगायला नको. तो चावून संपत नाही, गिळवत नाही आणि थोरांच्या पंगतीत थुंकता तर मुळीच येत नाही. आकीम चावत राहिला. आणि बुरुलनं खिशातून कागद काढला.

तिनं सगळं वाचलं. अकरा मुलं, एक वसतिगृह, एक सील. मागच्या हिवाळ्यात कोण कोणाच्या गोठ्यात राहिलं आणि कोणाची किती दिवस शाळा बुडली. आकीमानं मध्येच हात वर करून काही म्हणायचा प्रयत्न केला, पण तोंडातून "उम्म" एवढंच निघालं. "आम्हाला दुसरं काही नको," बुरुल म्हणाली. त्याच वाक्यापाशी ती अडखळली, ओठ दाबले आणि पुढे वाचलं, "एक दार हवं. भिंतीत फक्त भोक पाडायचंय. दार माझ्या बाबांनी केलंय."

"मग कुठाय ते?" आपानं विचारलं.

"बाहेर आहे आपा. त्याच्यावर तुमचं मटण तोडलंय."

पहिल्यांदाच लोकांनी आपल्या ताटाखाली काय अंथरलंय ते वाचायला सुरुवात केली. नुरिझानं ती संधी साधून शोदमोनला पुढे ढकललं. त्यानं दवाखान्याचं सांगितलं, मग आलायच्या मुलींनी त्यांचं, आणि आकीम अजून चावतच होता. शेवटी आपानं त्याच्याकडे पाहिलं. "देणार ना दार?"

आकीमानं मान डोलावली. आता ती होकारार्थी होती की कान गिळायचा खटाटोप होता, हे देवालाच ठाऊक. आपानं मात्र लगेच दोन्ही तळहात वर धरले आणि आशीर्वाद म्हटला: दार बसो, बर्फाआधी बसो, पोरं ऊबेत शिकोत, ओमीन. नव्वद माणसांनी तोंडावरून हात फिरवले. एकदा ओमीन झालं की झालं. तोंड मोकळं झाल्यावर आकीम हळूच म्हणाला, "मी खरं तर विचार करू असं म्हणणार होतो." पण तोवर सगळे उठून तंबूबाहेर पडत होते. मग तो चिडून बाकासवर ओरडला, "किल्ली काढ!" आणि बाकासनं वर्षभर खिशात सांभाळलेली किल्ली निमूटपणे काढून दिली.

दार धुऊन, घासून भिंतीत बसवायला दोन दिवस लागले. मटणाच्या सुऱ्यांचे ओरखडे त्यावर अजून दिसतात. वर्षभर ज्याला नकाशा, अभियंता आणि मंजुरी लागत होती, त्याला शेवटी एक पहार आणि शोदमोनचे दोन हात लागले. हे आठवलं की आगायांचं डोकं आजही फिरतं. शिवाय निवृत्तिवेतन कचेरीतून त्यांना साठीबद्दल अभिनंदनाचं पत्र आलंय. त्याला उत्तर म्हणून जन्मदाखला जोडायचा, तर कचेरी म्हणते, तोयला नव्वद साक्षीदार होते, दाखल्याला एकच शिक्का आहे.

सतरा ऑक्टोबरला बर्फाची पहिली भुरभुर सुरू झाली, त्याच दिवशी वसतिगृहाचं उद्घाटन ठरलं. पुन्हा तंबू, पुन्हा मेंढा. या वेळी आकीमानं मुंडक्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आज हा मान आगायांचा," तो घाईघाईनं म्हणाला आणि ताट सरकवून दिलं. आगायांनी मुख्याध्यापकांकडे नीट पाहून घेतलं, सुरी उचलली, कान कापला आणि सवयीनं हाक मारली, "कुठाय पोर?"

पोर नव्हतं. आत नव्हतं, बाहेर नव्हतं, सामोवारपाशीही नव्हतं. तिथे अंमलदार चहा ओतत होता. शाळेची घंटा झालेली होती आणि सगळी पोरं वर्गात होती. आगायांनी घड्याळात पाहिलं तर तास त्यांचाच, भूगोलाचा, आणि त्यांना पाच मिनिटं उशीर झालेला. कान खाली ठेवायचा तर रीत मोडते. त्यांनी तो तोंडात टाकला, झगा सावरला आणि धावतच वर्गात गेले.

वर्ग उठून उभा राहिला. पहिल्या बाकावर बुरुल होती, टक्क जागी. आगायांनी काही सांगायला तोंड उघडलं, पण कान काही हलेना. त्यांनी हातानं खूण केली, बसा, बोला तुम्हीच.

बुरुलनं नकाशाची वही उघडली आणि सुरुवात केली.